बिनमिठाची भाकर

मंगळवार, ६ फेब्रुवारी २०१८

आज फादरांच्या अंगणात टर्कींना माझी भाकर खाताना पाहिलं, म्हणून ही वही सुरू करते आहे. असं काही घडलं की माणूस फादरांकडे जातो. इथे अंगणच फादरांचं होतं. तेव्हा वही.

नीट लिहून ठेवते. आमच्या पोयाना रेचे गावच्या चर्चला वेदीची भाकर चौदा वर्षं मी देते. दर शनिवारी पाच. माझे यजमान ग्रिगोरे वारले आणि पुढच्या वर्षी जुन्या फादरांनी शिक्का माझ्या हातात दिला. मी विधवा होते, स्वच्छ होते आणि आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवल्यामुळे मापात चुकत नव्हते. पीठ, पाणी, मीठ, खमीर. पाचवं काही नाही. भाजण्यापूर्वी वर लाकडी शिक्का दाबायचा: मध्ये क्रूस, चार कोपऱ्यांत ख्रिस्ताच्या विजयाची अक्षरं. माझा शिक्का खालच्या उजव्या कोपऱ्यात चिरला आहे. त्यामुळे माझ्या प्रत्येक भाकरीवर तिथे एक बारीक रेघ उमटते.

दुपारी लोणच्याच्या कोबीची रिकामी बरणी परत द्यायला फादर वालेरियान यांच्या घरी गेले. अंगणात सहा टर्की आणि त्यांच्यामध्ये वाळलेल्या भाकरीचे तुकडे. एका तुकड्यावर ती रेघ होती.

आमच्या पंथात फादरांना लग्न करता येतं; त्यांची बायको दोरिना बाहेर आली. "बाई! या ना आत, चहा टाकते."

"टर्कींना काय घालतेस?"

"काही नाही हो. उरलंसुरलं."

बोलताना तिचे कान लाल झाले. मी बरणी कठड्यावर ठेवली आणि घरी आले.

पाचांपैकी एखादी उरली असेल. एका तुकड्यावरून निष्कर्ष काढू नये, हे मी तीस वर्षं मुलांना सांगत आले.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

धुराडं साफ करायला हारालांबिए आला होता. हा चर्चमध्ये गातो आणि उपासनेच्या वेळी फादरांच्या हाताखाली असतो. पवित्र चित्रांच्या भिंतीमागे, वेदीपाशी, आम्हा बायकांना जाता येत नाही, हा जातो. पन्नाशीचा झाला, पण माझ्यासमोर अजून टोपी हातात धरून उभा राहतो.

"हारालांबिए, खरं सांग. माझ्या भाकरी वेदीवर जातात का?"

"बाई, मी गाणारा माणूस. आत काय चालतं ते मला काय ठाऊक?"

"धूपदाणी कोण पेटवतं?"

"मीच पेटवतो. म्हणून तर सांगतोय. धूर फार असतो आत. काही दिसत नाही."

सहावीतही हा असाच होता. दुसऱ्याच्या वहीतले आकडे उतरवायचा आणि विचारलं की डोळ्यात काहीतरी गेलं म्हणायचा.

दारात जाऊन धीर आला त्याला. "बाई, रागावू नका, पण तुम्हीच आम्हाला देव नाही म्हणून शिकवलंत. फळ्यावरून उतरवून घेतलंत. आता एका भाकरीवरून एवढं मनाला कशाला लावून घेता?"

"मागच्या बाकावर कम्युनिस्ट पक्षाचा तपासणीस बसला होता, म्हणून उतरवून घेतलं."

"आम्हाला काय माहीत! आम्ही पाठ केलं."

धुराडं मात्र चांगलं साफ केलं आहे.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

जे फादरांपुढे पापांच्या कबुलीत सांगितलं ते वहीत लिहायला हरकत नाही.

दोन वर्षं झाली, मला प्रार्थना लागत नाही. पूर्वी सकाळी चित्रासमोर उभी राहिले की समोर कुणी आहे हे मला कळायचं, पाठीवर ऊन आलं की न बघता कळतं तसं. २०१६ सुरू होताना, हिवाळ्यात ते गेलं. कुणी मेलं नव्हतं. मी काही केलं नव्हतं. शब्द तेच, वेळ तीच, समोर भिंत. मी शंका घेणाऱ्यांतली नाही. देव आहे, हे मला मान्य आहे. तो माझ्याकडे नाही, इतकंच.

त्या वर्षी ईस्टरपूर्वीच्या कबुलीत फादरांना सांगितलं. म्हणाले, "भाकर भाजत राहा, बाई. हात चालतायत तोवर चालू द्या. मन मागून येईल." मला ते पटलं. त्यांना म्हटलं, खरंच आता तेवढंच उरलं आहे माझ्याकडे. तेही गेलं तर मी कशाची ख्रिस्ती, हे मला सांगता येणार नाही.

मग त्याच वर्षी डिसेंबरच्या कबुलीत दुसरी गोष्ट सांगितली. वेदीवर वाहून उरलेल्या भाकरीचे तुकडे करून फादर उपासनेच्या शेवटी आम्हा सगळ्यांना देतात, त्याला आम्ही आशीर्वादाची भाकर म्हणतो. ती मला बेचव लागू लागली होती. माझ्याच हातची, आणि तोंडात भुसा. मी म्हटलं, फादर, आता जीभसुद्धा कोरडी पडली, माझ्या आत काहीतरी मेलं आहे. त्यांनी रोज संध्याकाळी चाळीस दंडवत घालायला सांगितले. उजवा गुडघा सुजतो. तरी चौदा महिन्यांत एक संध्याकाळ चुकवली नाही.

शनिवार, १० फेब्रुवारी

आज पाच भाकरी भाजल्या. मीठ घातलं नाही.

बिनमिठाची भाकर वेदीला चालत नाही. फादर तीच वाहणार असतील तर मी मोठं पाप केलं आहे. वाहणार नसतील तर मी टर्कींसाठी पाच भाकरी भाजल्या, आणि टर्कीला मीठ चांगलं नाही.

शिक्का सरळ उमटला.

रविवार, ११ फेब्रुवारी

आशीर्वादाच्या भाकरीत मीठ होतं.

खात्री करायला लिओन्तिनालाही विचारलं. लिओन्तिना म्हणजे शेजारीण, ऐंशीची. म्हणाली, "मीठ आहे की. का, तुला कमी लागतंय? रक्तदाब बघ एकदा."

सोमवार, १२ फेब्रुवारी

सबंध दिवस एकच विचार. मी कोरडी आहे असं त्यांना विश्वासाने सांगितलं, आणि त्यांनी माझी भाकर वेदीवरून काढली. प्रार्थना न येणाऱ्या बाईच्या हातचं देवाला चालणार नाही, असं त्यांनी ठरवलं असणार. ठरवा. पण सांगा. दर शनिवारी भाकरी हातात घेऊन "देव तुम्हाला याचं फळ देवो, बाई" म्हणायचे, दोन्ही हातांनी टोपली घ्यायचे. दोन्ही हातांनी.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तोही गप्प. दोघांनी मिळून मला मूर्ख बनवलं.

शनिवार, १७ फेब्रुवारी

भाजलं नाही. चौदा वर्षांतला पहिला शनिवार.

चार वाजता हारालांबिए कुंपणाशी आला. "फादर विचारतायत, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. त्यांना विचार, उद्या भाकरीवाचून काही अडणार आहे का?"

तो गेला. उत्तर घेऊन परत आला नाही.

रविवार, १८ फेब्रुवारी, क्षमेचा रविवार

उद्यापासून मोठा उपास. आज संध्याकाळच्या उपासनेनंतर नेहमीप्रमाणे सगळ्यांनी एकमेकांची क्षमा मागितली. सुरुवात फादर करतात. रांगेतल्या प्रत्येकापुढे जमिनीपर्यंत वाकून म्हणतात, "मला पाप्याला क्षमा करा." आपण म्हणायचं, "देव क्षमा करो, आणि मलाही पापिणीला क्षमा करा." की झालं, पुढचा माणूस. कशाबद्दल, हे कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

फादर माझ्यापुढे वाकले. "मला पाप्याला क्षमा करा, बाई."

"कशाबद्दल, फादर?"

ते वाकलेलेच राहिले. मागून लिओन्तिना काठी आपटत म्हणाली, "अगं अग्लाया, म्हणून टाक की. माझे पाय मोडले इथे."

"काय केलं ते सांगितल्याशिवाय क्षमा मिळत नाही," मी म्हणाले. "माझ्या वर्गातसुद्धा मिळत नव्हती."

फादर उभे राहिले. एक्केचाळीस वर्षांचा माणूस, पण चेहरा पेपर कोरा ठेवलेल्या मुलाचा.

"तुमच्या भाकरी वेदीवर जात नाहीत," ते म्हणाले. "ऑगस्ट २०१६ पासून. वरून, बिशपांकडून पत्र आलं, की सगळ्या गावांनी शहरातल्या एकाच भट्टीची भाकर घ्यावी. मी ती घेतो. तुम्हाला सांगितलं नाही."

रांग मोडली.

"म्हणजे दीड वर्ष आम्ही विकतचा पाव खातोय?"

"माझ्या नवऱ्याच्या वर्षश्राद्धालासुद्धा?"

"हारालांबिए, तुला ठाऊक होतं?"

"धूर असतो हो फार..."

"तुझ्या धुराला आग लागो!"

ऑगस्ट. माझी पहिली कबुली एप्रिलमधली. माझा कोरडेपणा तेव्हा त्यांना ठाऊक होता. पण पत्र वरून आलं होतं, म्हणजे मी सोमवारी लिहिलं ते चूक. त्यांनी भाकर माझ्या कोरडेपणामुळे काढली नव्हती. काढली वरच्यांनी. माझ्या कोरडेपणामुळे ते मला कळू दिलं नव्हतं.

"का नाही सांगितलंत?"

"ते मला इथे बोलता येणार नाही, बाई."

कबुलीतलं बोलायला त्यांना बंदी आहे. मला नाही.

"मग मी बोलते," मी म्हणाले, आणि मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. मला दोन वर्षं प्रार्थना येत नाही. भाकर मळणं तेवढं उरलं आहे, असं मी यांना सांगितलं होतं. यांना माझी कीव आली. यांनी मला खेळायला कणीक दिली, लहान मुलीला भातुकली देतात तशी. मग मी रडत सांगितलं की भाकर बेचव लागते, माझा आत्मा मेला आहे. भाकरच दुसरी आहे हे यांना माहीत होतं. यांनी मला चाळीस दंडवत दिले.



"का दिलेत?"

फादर फार हळू बोलले. "तुम्ही वाट बघत होता. काहीतरी द्यायला हवं होतं."

"देव क्षमा करो," मी म्हणाले. वाक्याचा पुढचा अर्धा भाग म्हणाले नाही. शाल घेतली आणि निघाले.

सोमवार, १९ फेब्रुवारी

दंडवत घातले नाहीत. गुडघा रोजच्यापेक्षा जास्त दुखतो.

चव गेली नव्हती. माझी जीभ खरं सांगत होती आणि मी तिलाच पापी ठरवलं. हे मला सहन होत नाही. फादर खोटं वागले, माणसं वागतात. पण मी माझ्या साध्या निरीक्षणावर विश्वास ठेवला नाही.

मात्र प्रार्थना गेली ती एप्रिलच्याही आधी. ती भट्टीच्या माथी मारता येत नाही. मारायचा प्रयत्न केला.

बुधवार, २१ फेब्रुवारी

लिओन्तिना घोटलेल्या घेवड्याचा वाडगा घेऊन आली. वर तळलेला कांदा. उपासाचा स्वयंपाक तिच्याइतका कुणाला जमत नाही. बसली ती उठेचना.

"ते तू रविवारी बोललीस ना," ती शेवटी म्हणाली, "भिंतीसमोर बोलल्यासारखं वाटतं म्हणून."

"हो."

"मला नेहमीच तसं वाटतं."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून असेल. साठ वर्षं. मला वाटलं सगळ्यांचं तसंच असतं. तुला उन्हासारखं वगैरे लागायचं?"

"लागायचं."

"बघ बाई," ती म्हणाली आणि चुकचुकली. "तुला निदान गेलं तरी."

मी वाडगा धुऊन दिला. साठ वर्षं रविवार न चुकवणारी बाई. मी तिला आजवर अडाणी समजत आले. अजूनही समजते, पण आता नेमकं कशात, ते सांगता येईना.

रविवार, ४ मार्च

चर्चला गेले. आशीर्वादाच्या भाकरीसाठी पुढे गेले नाही.

गावात चाललेलं कळलं. हारालांबिएने घरोघर फिरून अर्जावर सह्या घेतल्या, धूर खाल्ल्याचं प्रायश्चित्त म्हणून असेल. फादर स्वतः अर्ज घेऊन शहरात गेले. तिथे बरंच ऐकून घेतलं म्हणे. शेवटी सणांपुरती गावची भाकर चालेल असं ठरलं.

संध्याकाळी फादर फाटकाशी आले. आत बोलावलं नाही.

"पंचवीस मार्चचा सण आहे, बाई. देवदूताच्या निरोपाचा. तुमची भाकर हवी आहे. वेदीसाठी. खरोखर."

"खरोखर हा शब्द तुम्हाला घालावा लागतो, फादर. म्हणून मी भाजणार नाही."

"माझ्यावरचा राग देवावर काढू नका."

"देवावरचा राग वेगळा आहे. तो तुमच्यात मिसळत नाही."

"ईस्टरपूर्वी कबुलीला याल?"

"कबुली देईन. नदीपलीकडच्या फादरांकडे. ते बहिरे आहेत, पण त्यांच्याकडे टर्की नाहीत."

हसले की काय, कळलं नाही. दाढी ओली होती. पाऊस नव्हता.

मंगळवार, १३ मार्च

दोरिना आली. फाटकातच म्हणाली, "ओरडा हवं तेवढं, पण आत येऊ द्या."

ओरडले नाही. तिने सांगितलं, दर शनिवारी माझ्या पाचही भाकरी घरात यायच्या. मुलं दुधात बुडवून खायची. उरलेल्या ती वाळवून माळ्यावर ठेवायची, शिक्क्याची भाकर टाकायला हात धजावत नव्हता म्हणून. त्या दिवशी बुरशी लागलेलीच तेवढी खाली आणली होती. "मुलं आता विचारतात, बाईंची भाकर कधी? शहरातली त्यांना आवडत नाही."

"मुलांना चव कळते," मी म्हणाले.

"मला शिकवा, बाई."

"तू विधवा नाहीस."

"फादरची बायको चालते. विचारलंय मी." मग शालीचं टोक मुरडत म्हणाली, "आणि एक सांगू? चाळीस दंडवत ते स्वतःही घालतात. वर्ष झालं. गुडघ्याला तेल मीच चोळते. मला वाटायचं, सगळेच फादर घालत असतील."

"ते त्यांनी त्यांच्या कबुलीत सांगावं," मी म्हणाले.

शिकवायला शनिवारपासून ये म्हटलं. नखं कापून. अंगठी काढून.

शनिवार, १७ मार्च

दोरिनाची पहिली खेप. पाणी जास्त. भाकरी पसरल्या, शिक्क्याची अक्षरं फुगून क्रूसाचं फूल झालं. ती रडायला लागली. मी म्हटलं, रडून पाणी आणखी वाढेल. पुन्हा मळायला लावलं.

मी कणकेला हात लावला नाही. हात मात्र मांडीवर चालत होते. ते बंद करायला खुर्चीखाली धरून बसले.

शनिवार, २४ मार्च

उद्याच्या सणाच्या पाच भाकरी दोरिनाने भाजल्या. चार चांगल्या. एक खालून करपली, ती तिच्या मुलांना दिली. बदली सहावी भाजायला लावली.

आज तिच्या स्वाधीन केलं ते असं:

शिक्का एक, नाशपातीच्या लाकडाचा, कोपऱ्यात चिरलेला. महिन्याला तेल लावायचं, पाण्यात बुडवून ठेवायचा नाही.

काथवट एक. दुसऱ्या कशाला वापरायची नाही.

चाळण्या दोन. बारीक चाळणीच्या काठाला तार सुटली आहे, बोट जपावं.

पांढरी फडकी सहा, त्यांतलं एक ठिगळाचं. साबणाने धुवायची नाहीत, राखेने.

खमीर, चिनी मातीच्या बरणीत. दर तिसऱ्या दिवशी पीठ घालायचं. बरणी माझ्या आईची आहे, ती परत करायची. खमीर परत करायचं नाही.

मिठाचं माप लिहून दिलं. दोनदा वाचून घेतलं.

मळताना म्हणायची प्रार्थना. ती लिहून दिली नाही, तोंडी दिली. तिने विचारलं, "म्हणताना आत काय वाटायला हवं, बाई?" सांगितलं, वाटलं तर वाटलं. काही वाटलं नाही तरी म्हणायची, कणीक हात सोडेपर्यंत.

सगळं मिळालं म्हणून तिची सही घेतली.